नकाशावर जाळे कसे बसवावे

कृष्णेचे पाणी किती चढले हे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाहतात. हा पूल १९२९ साली बांधून पुरा झाला. आज गावाची भीती तेथील फुटांत मोजली जाते. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हे आमच्या येथील शाळकरी पोरासही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि सुटकेच्या वाटेवरच माणसे बुडाली.

पाण्याचा आकडा हल्ली घरोघर फोनवर कळतो. परंतु सूर्यवंशी प्लॉटमधील किंवा कर्नाळ रोडवरील बिऱ्हाडाचे तेवढ्याने भागत नाही. त्यास आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : जायचे कुणाकडे, आणि जायचे कोठून. पहिली गोष्ट नात्यागोत्याची व ओळखीची आहे, दुसरी जमिनीची आहे. पहिलीचे चित्र काढले तर जाळे तयार होते, दुसरीचे काढले तर नकाशा. ही दोन चित्रे एकमेकांवर बरोबर कशी बसवावीत, पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेत ते काम कसे करतात, आणि करताना माणूस कोठे फसतो, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही या विषयातले पदवीधर नव्हे. आमची युनियन हमालांची, घरकाम करणाऱ्या बायांची आणि बांधकामावरील मजुरांची. गरज पडली म्हणून शिकलो, आणि पुष्कळसे चुकून शिकलो. त्या चुकाच श्रोत्यांच्या अधिक उपयोगी पडतील असा आमचा समज आहे.

आधी जाळे म्हणजे काय ते पाहू. गणितज्ञ त्यास ग्राफ म्हणतात. मराठी पुस्तकांत त्यास 'आलेख' असा शब्द आहे, पण आलेख म्हटले की आपणांस शाळेतला चौकटीचा कागद आठवतो. म्हणून येथे जाळे हाच शब्द ठेवू. जाळ्यात गाठी असतात आणि गाठींना जोडणाऱ्या दोऱ्या असतात. माणूस ही गाठ धरली तर ओळख ही दोरी, एस. टी. चे स्थानक ही गाठ धरली तर दोहोंमध्ये धावणारी गाडी ही दोरी. याहून अधिक काही जाळ्यास ठाऊक नसते.

या शास्त्राचा आरंभ नदीवरच्या पुलांपासून झाला, हे आम्हां सांगलीकरांस आवडण्यासारखे आहे. प्रशियात क्योनिग्सबर्ग नावाच्या शहरी प्रेगेल नदीवर ७ पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे गाव फिरता येईल काय, असा तेथील लोकांचा कूटप्रश्न होता. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या सुमारास तो सोडविला. त्याने नदीची रुंदी, पुलांची लांबी, रस्त्यांची वळणे सर्व बाजूस ठेवली. जमिनीचे ४ तुकडे म्हणजे ४ गाठी आणि ७ पूल म्हणजे ७ दोऱ्या, एवढेच त्याने हाती धरले. वाटेतल्या कोणत्याही तुकड्यात एका पुलाने शिरलो तर दुसऱ्या पुलाने बाहेर पडावे लागते, म्हणजे तेथे पूल जोडीजोडीने हवेत. तेथे तर चारही तुकड्यांस पुलांची संख्या विषम होती. तेव्हा असे फिरणे अशक्य, हा त्याचा निकाल. जमीन टाकून दिल्यामुळे ऑयलरचे काम सोपे झाले. आमचे काम उलट दिशेचे आहे. त्याने टाकलेली जमीन आम्हांस पुन्हा जाळ्याखाली आणून घालायची आहे.

पायथॉन ही भाषा गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नाव अजगराचे वाटले तरी ते मॉन्टी पायथॉन या विलायती विनोदी मंडळींवरून घेतलेले आहे. ही भाषा फुकट मिळते, ही गोष्ट आमच्या खजिनदारास सर्वांत महत्त्वाची वाटली. जाळ्यांसाठी तिच्यात नेटवर्कएक्स नावाचा संच आहे. तो अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत तयार झाला आणि २००५ साली सर्वांस खुला झाला. चित्रे काढण्यास मॅटप्लॉटलिब हा दुसरा संच आहे. जॉन हंटर नावाच्या संशोधकाने अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून तो लिहावयास घेतला. हे हंटर २०१२ साली अकाली वारले. पण त्यांचे हत्यार आज जगभर वापरात आहे आणि त्याबद्दल कुणास दमडी मोजावी लागत नाही.

आता नेटवर्कएक्सला गाठी व दोऱ्या सांगितल्या आणि चित्र काढ म्हटले, तर ते काढते. प्रश्न असा की कोणती गाठ कागदावर कोठे ठेवायची हे त्यास कसे कळते? त्यास ते कळत नाही. ते एक युक्ती करते, आणि त्या युक्तीस स्प्रिंगची मांडणी म्हणतात. वसंत व्याख्यानमालेत स्प्रिंग शब्द ऐकून कुणी हुरळून जाऊ नये, ही स्प्रिंग लोखंडी आहे. सर्व गाठी एकमेकींस दूर ढकलतात आणि प्रत्येक दोरी स्प्रिंगसारखी आपल्या दोन्ही टोकांस जवळ ओढते, असे मानून संगणक ओढाताण करीत बसतो आणि ती शांत झाली की चित्र पुरे करतो. आरंभी गाठी कशाही उधळलेल्या असतात. त्यामुळे तेच जाळे सकाळी काढले तर एक चित्र येते, संध्याकाळी काढले तर दुसरे. वरची बाजू उत्तर नव्हे, जवळच्या गाठी म्हणजे जवळची घरे नव्हेत. हे चित्र निरुपयोगी आहे असे मात्र कुणी समजू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकने आखलेला नकाशा १९३३ साली प्रवाशांच्या हाती आला. त्यात अंतरे खरी नाहीत, दिशा ओढूनताणून सरळ केलेल्या आहेत, तरी उतारूस गाडी कोठे बदलावी हे त्यावरून अचूक कळते. परंतु रेल्वे बंद पडून पायी घरी जाण्याची वेळ आली तर तोच नकाशा माणसास चकवील. आमच्या लोकांवर वेळ येते ती पायी जाण्याची.

पूर ओसरल्यावर आम्ही गल्लोगल्ली एकच प्रश्न घेऊन फिरलो : पाणी आले तेव्हा निरोप कुणी दिला, आणि तुम्ही कुणाकडे गेलात? उत्तरे वहीत उतरली. त्यांचे जाळे स्प्रिंगच्या मांडणीत काढले तेव्हा ते देखणे दिसले. पण गावभागातला हमाल व कुपवाडातला त्याचा मेहुणा चित्रात शेजारी शेजारी आणि इनामदार प्लॉटमधली दोन लागोपाठची घरे चार वीत अंतरावर, असा प्रकार. ज्यांच्यासाठी काढले त्यांपैकी एकासही त्यात आपले गाव ओळखता येईना. तेव्हा नकाशा खाली घालणे भाग पडले.

नकाशाचे चित्र संगणकात जाते ते ठिपक्यांच्या रूपाने. हजार आडव्या ओळी, प्रत्येकीत सोळाशे ठिपके, असे समजा. त्यास मॅटप्लॉटलिबमधील 'इमशो' या आज्ञेने कागदावर पसरतात, आणि मग त्याच कागदावर नेटवर्कएक्सकडून गाठी व दोऱ्या काढून घेतात. जाळ्याच्या प्रत्येक गाठीस जागा द्यावी लागते, त्या यादीस 'पॉस' म्हणतात. स्प्रिंगच्या युक्तीऐवजी या यादीत आपण स्वतः रेखांश व अक्षांश लिहावयाचे. येथपर्यंत सर्व सोपे आहे. अडचण येते ती दोघांच्या मोजण्याच्या रीतीत. शाळेतल्या चौकटीच्या कागदावर आपण खालून वर मोजतो. अक्षांशही तसेच, उत्तरेकडे वाढत जातात. पण ठिपक्यांचे चित्र हजेरीच्या वहीसारखे असते : पहिली ओळ सर्वांत वर, शेवटची सर्वांत खाली. म्हणजे जाळे जमिनीवरून उभे राहून मोजते आणि चित्र आढ्याला लटकून मोजते. दोघांचा एकमेकांशी मेळ घालून देणे हेच या सर्व विद्येचे मर्म आहे, बाकी सजावट आहे.

मेळ घालण्याचा मार्ग असा. चित्राची डावी कड कोणत्या रेखांशावर आहे, उजवी कोणत्या, खालची कड कोणत्या अक्षांशावर, वरची कोणत्या, हे चार आकडे 'इमशो'ला सांगावयाचे. त्यास 'एक्स्टेंट' म्हणतात. सोयीसाठी वाटोळे आकडे घेऊ. डावीकडे ७४.५०, उजवीकडे ७४.६६, खाली १६.८०, वर १६.९० अंश. रुंदीचे १६०० ठिपके ०.१६ अंशांत बसले, म्हणजे एक ठिपका ०.०००१ अंशाचा, आपल्या भागात साडेदहा मीटरांच्या आसपास. आयर्विन पूल १६.८६ च्या जवळपास धरा. वरून मोजले तर तो ४०० व्या ओळीत यावयास हवा. कुणी विसरून खालच्या हिशेबाने ६०० वी ओळ धरली, तर पूल २०० ओळी दक्षिणेस सरकला. दोनशे ओळी म्हणजे सव्वादोन किलोमीटर. इतके दक्षिणेस गेल्यावर आपण हरिपुराच्या पातळीवर येतो, जेथे वारणा कृष्णेस मिळते. पुलाचा संगम झाला म्हणावयाचे!

श्रोत्यांस हे उदाहरण रचलेले वाटेल, परंतु आमच्या हातून नेमके असेच घडले आहे. छापील नकाशावरून नदी व मुख्य रस्ते आम्ही पारदर्शक कागदावर शाईने गिरवून घेतले, त्यावर एक अक्षरही लिहिले नाही, आणि तो कागद स्कॅन केला. आमच्या एका हमाल सभासदाची मुलगी संगणकाचे शिक्षण घेत होती, ती टंकलेखनास बसली आणि आम्ही शेजारी बसून शहाणपणा सांगू लागलो. चार कडांचे आकडे आम्ही बरोबर दिले. पण त्याच आज्ञेत 'ओरिजिन' असा एक शब्द असतो : मोजणी वरून की खालून. आम्ही विचार केला की अक्षांश खालून वाढतात, तेव्हा येथेही 'खालून' लिहावे. पोरगी म्हणाली, "काका, आधीच चार कडा सांगितल्यात, आता हे कशाला?" आम्ही ऐकले नाही. परिणाम असा झाला की गाठी बरोबर जागी राहिल्या, नावे बरोबर आली, आणि खालचे चित्र तेवढे उताणे पडले. अक्षरे असती तर उलटी दिसून चूक पकडली गेली असती. नुसती नदी होती, आणि नदी उलटी केली तरी नदीच दिसते.

चित्र मोठ्या कागदावर छापून आम्ही सभेत भिंतीवर लावले. मंडळींनी माना डोलावल्या. हरिपुराहून धुण्याभांड्याच्या कामास येणाऱ्या एक बाई जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, संगम आमच्या हरिपुराला हाय, का पुलाखाली?" सभा हसली. आम्हीही हसलो, पण त्या हसण्यात जीव नव्हता, कारण त्याच कागदावरून सांगलवाडीच्या लोकांस कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे आम्ही सांगणार होतो.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. गाठी मांडण्यापूर्वी तीन ओळखीच्या खुणा चित्रावर टाकून पाहावयाच्या : आयर्विन पूल, हरिपूरचा संगम आणि मिरज जंक्शन. तीनच का, याचेही कारण आहे. चित्र सरळ असेल, उत्तर वर असेल, तर दोन खुणांवरून माप निघते. पण हाताने गिरवलेला कागद स्कॅन करताना थोडा वाकडा पडतो, एका बाजूस ताणला जातो. अशा वेळी ठिपक्यांची जागा अंशांवरून काढण्यासाठी सहा अज्ञात आकडे शोधावे लागतात. प्रत्येक खूण दोन समीकरणे देते, एक आडव्या जागेचे व एक उभ्या जागेचे. तीन खुणांची सहा समीकरणे झाली, म्हणजे सहा अज्ञात सुटले. तिन्ही खुणा एका रेषेत मात्र नसाव्यात, नाही तर हिशेब अडतो. आमच्या तीन खुणा त्रिकोणात आहेत. मग चौथी खूण घ्यावी, आम्ही माधवनगर घेतो, आणि ती आपोआप जागेवर पडते की नाही हे पाहावे. तीन खुणा जुळणारच, कारण त्यांच्यावरूनच माप काढलेले असते. खरी परीक्षा चौथीची.

आणखी एक चकवा सांगण्यासारखा आहे. स्वतः नकाशा गिरविण्याऐवजी महाजालावरील तयार नकाशा खाली घालता येतो. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा लोकांनी मिळून केलेला नकाशा २००४ पासून चालू आहे आणि तोही फुकट आहे. पण असे नकाशे बहुधा अंशांत मोजत नाहीत. भूमध्यरेषा व शून्य रेखांश जेथे छेदतात तेथून मीटरांत मोजतात. त्या हिशेबाने सांगली सुमारे ८३ लाख मीटर पूर्वेस आणि १९ लाख मीटर उत्तरेस येते. आम्ही गाठींस अंशच देऊन बसलो : ७४ आणि १६. संगणकाने ते मीटर समजून आमची सारी युनियन त्या छेदनबिंदूपासून सुमारे ७६ मीटरांवर नेऊन ठेवली. हा बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. ही चूक मात्र लगेच कळते, कारण नकाशावर एकही गाठ दिसत नाही. मोठ्या चुका गरिबाला मारत नाहीत, त्या दिसतात. सव्वादोन किलोमीटरांची चूक मारते.

पृथ्वी गोल असल्याने अंशाचा आडवा हात उभ्या हातापेक्षा थोडा आखूड असतो. सांगलीच्या अक्षांशावर आडवा अंश सुमारे १०६ किलोमीटर व उभा सुमारे १११ किलोमीटर. चारपाच टक्क्यांचा हा फरक गावापुरत्या नकाशात डोळ्यांस जाणवत नाही; लंडनचा नकाशा करणाऱ्यास मात्र तो विसरून चालणार नाही. गाठीचा गोल किती मोठा काढावा हेही ध्यानात ठेवावे. नेटवर्कएक्स तो कागदाच्या मापाने काढते, जमिनीच्या नव्हे. गोल मोठा काढला की तो अख्खी गल्ली झाकतो आणि पाहणारास वाटते की एवढा भाग पाण्यात आहे. खालचे चित्र 'अल्फा' हा आकडा कमी देऊन फिकट करावे, दोऱ्या त्यावर, गाठी दोऱ्यांवर आणि नावे सर्वांत वर.

आता दोरीविषयी. जाळे भिंतीवर एकटे असते तेव्हा दोरी म्हणजे नुसती ओळख, हे कुणीही समजतो. खाली नकाशा घातला की तीच दोरी रस्ता वाटू लागते. संगणक तर दोन गाठींमध्ये सरळ रेषा ओढून मोकळा होतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली, ती पुष्कळांस आठवत असेल. पहिल्या खेपेस १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी गेले. मिरज आणि लातूर या दोन गाठी नकाशावर सरळ जोडल्या तर अंतर सुमारे २७० किलोमीटर भरते. गाडी मात्र रुळांनी सुमारे ३४० किलोमीटर गेली. मधले ७० किलोमीटर सरळ रेषेने गिळले. रेल्वेस त्याने बाधा आली नाही, कारण इंजिन रूळ सोडून जात नाही. पण डोक्यावर गाठोडे आणि कडेवर पोर घेतलेल्या बाईने आमच्या कागदावरील सरळ रेषेवर विश्वास ठेवला तर ती ओढ्यात उतरेल. म्हणून आम्ही दोन प्रकारच्या रेषा ठेवल्या : ओळखीची रेष तुटक व बारीक, चालण्याच्या वाटेची रेष जाड व सलग. जाड रेष सरळ नसते, वाटेवरील प्रत्येक वळण ही तिची एक लहान गाठ असते. आमच्यापैकी कुणीतरी प्रत्यक्ष चालून आल्यावाचून जाड रेष काढावयाची नाही, असा ठराव आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर १८५४ च्या लंडनमध्ये सापडते. सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कोठे कोठे झाले ते नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती दाटलेले आढळले. एवढी गोष्ट सर्वांस ठाऊक असते. पण याच हकिकतीत दोन अपवाद आहेत आणि आम्हांस ते जास्त मोलाचे वाटतात. हॅम्पस्टेड या लांबच्या वस्तीत राहणारी एक विधवा बाई त्याच साथीत दगावली. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडे म्हणून तिच्या मुलांकडून तेथले पाणी तिच्या घरी पोहोचत असे. उलट पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत. घर लांब पण दोरी बांधलेली, म्हणून बाई गेली. घर जवळ पण दोरी नाही, म्हणून कामगार राहिले. नुसता नकाशा पाहणारास ही दोन्ही प्रकरणे कोडी वाटतील, आणि नुसते जाळे पाहणारास पंप कोठे आहे हेच कळणार नाही.

आमच्या कागदावरही असेच घडले. जाळ्यात कोणती गाठ महत्त्वाची हे मोजण्याच्या अनेक रीती आहेत. साधी रीत म्हणजे किती दोऱ्या बांधल्यात ते मोजणे. दुसरी रीत लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडली : कोणत्याही दोन माणसांमधला निरोप जवळच्या मार्गाने जायचा तर तो कितीदा या गाठीतून जातो, ते पाहावयाचे. नेटवर्कएक्स हे एका आज्ञेत काढून देते. आम्ही काढले तेव्हा एका घरकाम करणाऱ्या बाईंची गाठ सर्वांच्या वर आली. आम्हांस नवल वाटले नाही. चार गल्ल्यांतले निरोप त्यांच्या ओट्यावरूनच जातात, युनियनच्या सभेची वेळसुद्धा. आम्ही समाधानाने म्हणालो की पूर आला तर यांना एक फोन केला की झाले. मग तेच जाळे, या वेळी सरळ बसविलेल्या नकाशावर टाकले, आणि ती मोठी गाठ २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या आत, नदीच्या बाजूस पडलेली दिसली. पाणी त्यांच्या उंबऱ्यास इतरांच्या आधी लागते. ज्या घरातून सर्वांस निरोप जावयाचा, ते घर सर्वांआधी रिकामे व्हावयाचे! २०१९ साली निरोप उशिरा का गेले, यावर आमच्या सभेत पुष्कळ भांडणे झाली होती आणि काहींनी त्या बाईंस बोल लावला होता. कागद पाहिल्यावर ते भांडण मिटले. त्या वेळी त्या पोरे घेऊन मिरजेच्या वाटेवर होत्या.

तेव्हा उंचावरील दोन घरांस, विश्रामबागेच्या बाजूचे एक आणि कुपवाडचे एक, प्रत्येक गल्लीशी नव्या दोऱ्या बांधल्या. दोरी बांधली म्हणजे काय केले, तर या घरांतील माणसे त्या गल्ल्यांतून हिंडविली, चहा पाजला, फोनचे नंबर एकमेकांस दिले. संगणकात रेष ओढण्यास क्षणही लागत नाही. या कामास दोन महिने गेले.

येथे एक सावधगिरी सांगितल्यावाचून राहवत नाही. कोण कुणास ओळखतो आणि तो कोठे राहतो, हे दोन्ही एकाच कागदावर आले की तो कागद आपल्या जितका उपयोगी, तितकाच मुकादमाच्या, मालकाच्या आणि वसुलीवाल्याच्याही उपयोगी पडतो. म्हणून भिंतीवर लावलेल्या प्रतीत नावे नाहीत, गाठींस आकडे आहेत, आणि आकड्यांची वही वेगळ्या कुलपात आहे. पूरग्रस्तांसाठी काम करतो असे सांगून एकदोघांनी ती वही मागितली. आम्ही त्यांस चहा दिला.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. निरोप उंचावरील घरांतून निघाले आणि बहुतेक गल्ल्यांस वेळेवर पोहोचले. दोन ठिकाणी आमची जाड रेष खोटी ठरली. चालून पाहिली होती ती उन्हाळ्यात, तेव्हा ओढा कोरडा होता. त्या दोन रेषा आता लाल केल्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात कागद नव्याने छापतो, कारण माणसे घरे बदलतात, लेकी सासरी जातात, आणि गाठी हलतात. शामरावनगरचा भाग अजून नीट काढता आलेला नाही. तेथे नदीचे पाणी येण्याआधीच पावसाचे पाणी तुंबते, आणि ते केव्हा दाराशी येईल हे आयर्विन पुलावरील फुटांवरून कळत नाही. त्यासाठी तेथल्या बायांनी आपापल्या दाराच्या चौकटीवर खडूने खुणा करण्यास सुरुवात केली आहे. दोन पावसाळ्यांच्या खुणा जमल्या की त्या आम्ही नकाशावर घेऊ.